बोटांची सुट्टी

मशीनवर पुन्हा लाल दिवा लागला. ही चौथी खेप.

“ताई, दाबू नका. नुसतं ठेवा. लोण्यावर बोट ठेवल्यासारखं,” आसिम म्हणाला.

प्रियंकानं श्वास रोखून उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवली. काचेखालचा उजेड बोटांच्या फटींतून वर आला, मशीननं जरा विचार केल्यासारखं केलं, आणि लाल.

“माणसाचेच हात आहेत ना?” रांगेतून कोणीतरी बोललं. चार जण हसले.

मथुराबाईनं मागं वळून पाहिलं. बोलणाऱ्याच्या बोटांत दोन अंगठ्या होत्या, बोटं पोळीच्या कणकेसारखी मऊ. तिच्या जिभेवर आलेलं तिनं गिळलं. काम आपलं अडलेलं, तोंड कशाला उघडायचं.

दिग्रसच्या बसस्टँडामागच्या त्या आधार केंद्रात सकाळी आठपासून उभ्या होत्या मायलेकी. मथुराबाईच्या छातीशी प्लास्टिकची पिशवी, तिला दोन रबरं. आत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, कॉलेजची पावती, चार-चार झेरॉक्स. कागद एकही कमी नव्हता. कमी पडली ती बोटं.

प्रियंका यवतमाळला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. पाड्यावरच्या बौद्धवाड्यातली नर्सिंगला गेलेली पहिलीच मुलगी. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या बाबूनं सगळ्या पोरींना सांगितलं होतं, स्कॉलरशिपचा फॉर्म तीस नोव्हेंबरच्या आत भरा. भरला तर फी सरकार देणार, होस्टेलचंही बरंचसं सुटणार. नाही भरला तर सगळी फी घरून आणा. ती सगळी फी किती, हे प्रियंकानं घरी सांगितलं तेव्हा तिचे बाबा, बाबाराव, बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिले होते. घरात दुसरा कसला बेत नव्हता. फॉर्म भरला गेला नाही, तर पोरगी पेटी घेऊन परत येणार, एवढं साधं होतं.

फॉर्म मोबाइलवरच भरायचा, पण त्यासाठी आधारला जोडलेल्या नंबरवर सहा आकडे येतात, ते टाकावे लागतात. प्रियंकाच्या आधारला जोडलेला नंबर होता बाबारावच्या जुन्या मोबाइलचा. तो मोबाइल पाण्याची मोटर पाहता पाहता विहिरीत गेला तो गेलाच, आणि नंबरही त्याच्यासोबत बुडाला. नवा नंबर जोडायचा तर बोटं द्यायला हवीत. आणि प्रियंकाची बोटं मशीननं कधी घेतलीच नव्हती. तिचं आधार काढलं तेव्हा ती अंगणवाडीत होती. कार्डावर अजून चार वर्षांची पोर होती, कपाळाच्या कडेला काजळाची तीट लावलेली.

आसिम पंचविशीतला, चष्मा लावणारा, शांत पोरगा. त्यानं खुर्ची पुढं ओढली.

“दाखवा बरं हात.”

प्रियंकानं तळवे वर केले. बोटांच्या पेरांवर काळे, जळके डाग. मधेमधे चिरा. अंगठ्याची कातडी तर करपल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी.

“हे काय लावलं?”

“बिब्बा,” प्रियंका म्हणाली.

“कोणी सांगितलं?”

मथुराबाई पुढं झाली. “म्या लावला, बाबू. दिवाळीपासून कापूस वेचून राह्यली ना माह्यासंगं. बोंडाचे वाळले टोकं लागून लागून बोटं फुटले. रक्त निंगे. मंग बिब्बा सुईले टोचला, दिव्यावर धरला, अन् तेल भरलं भेगाइत. माही माय मले असंच लावे.”

“आणि तुम्ही नर्सिंगला ना, ताई? लावू दिला?”

“मायच्या पुढं नर्सिंग चालत नाही, दादा,” प्रियंका म्हणाली.

या खेपेला रांग हसली ती वेगळी हसली. अंगठीवालाही हसला. आसिमनं चष्मा पुसला.

“हे पाहा मावशी. ही काळी कातडी झडू द्या. खाली नवी येईल, तिच्यावर रेघा असतात. पण आठ दिवस हाताला काम नाही. राख नाही, सोडा-साबण नाही, माती नाही. कापूस तर दुरूनच पाहायचा. सव्वीस तारखेला सकाळी या, पहिला नंबर तुमचा.”

“अन् नाही आल्या रेघा तं?”

“येतात मावशी. कातडी आहे, सरकारी नोकरी थोडीच आहे न यायला.”

परतीच्या बसमध्ये मथुराबाईनं लेकीचे दोन्ही हात आपल्या पदराखाली घेतले आणि पाड्याचा फाटा येईपर्यंत सोडले नाहीत. खिडकीतून दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या पांढऱ्या फुटलेल्या दिसत होत्या. दरवर्षी हे बघून तिला बरं वाटायचं. आज त्या सगळ्या बोंडांचा तिला राग आला. आणि खरं सांगायचं तर बोंडांचाही नाही. पोरगी कळवळत होती, “माय, जळते,” म्हणत होती, तेव्हा आपणच तिचं मनगट दाबून धरलं होतं. “जळलं म्हनजे लागू पडलं,” असंही वरून म्हणालो होतो.

घरी बाबारावनं सगळं ऐकून घेतलं. माणूस उंच, वाळका, बोलणं थोडं. ते उठले, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि आपल्या खाटेखाली सरकवून ठेवला.

“आठ दिवस पोरीच्या हाताले सुट्टी,” ते म्हणाले. “जो तिले काम सांगन, त्याच्या ताटात म्या भाकर वाढणार नाही.”

“आतापावतर कधी वाढली?” मथुराबाई म्हणाली.

“आता वाढीन ना!”

आणि खरंच वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मथुराबाई पाणी भरून येते तर बाबाराव चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. भाकरीला तीन कोपरे होते. पण खरपूस भाजली होती.

प्रियंकाला आधी गंमत वाटली. मग लाज वाटायला लागली. सवयीनं तिचा हात हांड्याकडे जायचा, तोच तिघांपैकी कोणीतरी ओरडायचं. तिघं म्हणजे माय, बाबा आणि शेजारच्या तांड्यावरची धनीबाई. धनीबाईची आणि मथुराबाईची जोडी वीस वर्षांची. एकमेकींच्या रानात एकमेकींनी वेचायचं, असा त्यांचा रिवाज. बातमी कळल्या कळल्या ती वाटीत घरचं तूप घेऊन आली.

“बस इकडं छोरी. हात दे.” तिनं प्रियंकाच्या एकेका बोटाला तूप लावलं. “नवरीच्या हाताले बी एवढं लावत नाहीत आमच्यात.”

“नवरी नाही मावशी, म्हैस झाली माही. खाऊन-पिऊन बसून राह्यली.”

“म्हैस बरी. ते दूध तरी देते.”

जेवायला बसल्यावर खरी पंचाईत. तिखट-मीठ भेगांत जातं, आणि हात धुवायचा म्हणजे पुन्हा साबण. मथुराबाईनं भाकरी वरणात कुस्करली, गोळा केला आणि लेकीच्या तोंडापुढं धरला.

“माय, म्या अठरा वर्साची हावो.”

“मालूम आहे. आ कर.”

प्रियंकानं दाराकडे एकदा बघून घेतलं आणि तोंड उघडलं.

“एवढा मोठा घास नको ना!”

“लहानपणी याच्याहून मोठा घेत होती.”

“तवा बोलता येत नव्हतं. नाही तं तवाच सांगतलं असतं.”

मथुराबाई हसली, पण तिचं ध्यान कुठंतरी भलतीकडेच गेलं. पोर सव्वा महिन्याची असताना ती रानात गेली होती. निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची, दोन तास वेचून यायचं, पोर पाजायची, पुन्हा जायचं. बसून, निवांत, घास घास भरवलेला तिला आठवतच नव्हता. आठवत होती ती घाई. पाजतानाही नजर पुढच्या ओळीवर. आणि आता, हंगाम ऐन भरात असताना, अठरा वर्षांची लेक समोर मांडी घालून बसली होती आणि चिमणीसारखं तोंड उघडत होती. मथुराबाईनं पुढचा घास लहान केला. जेवण जरा लांबलं. तिला काही त्याची घाई नव्हती.

तिसऱ्या दिवसापासून प्रियंका घरात टिकेना. “निदान धुऱ्यावर तं बसू द्या,” म्हणून ती रानात आली. मथुराबाई, धनीबाई आणि तांड्यावरच्या दोघी बाया कमरेला ओट्या बांधून वेचत होत्या. बोंडातून कापूस ओढायचा, मूठ भरली की ओटीत, ओटी भरली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर ठेवलेल्या गाठोड्यात. लेकीची एक ओळ मथुराबाईनं आपल्याकडे घेतली होती. दोन ओळींच्या मधे चालायचं, डावा हात डाव्या ओळीला, उजवा उजव्या. दुपारपर्यंत पाठ ताठून फळी व्हायची, पण ती कोणाला सांगत नव्हती.

प्रियंका निंबाखाली आपलं जाड पुस्तक घेऊन बसली. बाबारावनं तेही पाहिलं.

“कागदानं बी घासते ना बोट?”

“बाबा! कागदानं?”

“मशीन आपलं नाही. घासू नको.”

मग धनीबाईनं तोड काढली. तिनं तुरीची एक काडी तोडून दिली, ती प्रियंकानं दोन मनगटांत धरायची आणि पान उलटायचं. एक पान उलटायला आधी दोन मिनिटं लागत. मग जमलं. वाचायचं तेही मोठ्यानं, बायांची फर्माइश होती. पुस्तक इंग्रजीत, ती सांगायची वऱ्हाडीत.

“माणसाच्या एका हातात, मनगटापासून बोटापावतर, सत्तावीस हड्ड्या राह्यतात.”

“माह्या हातात बी?” धनीबाईनं विचारलं.

“सगळ्याइच्या हातात.”

“सरपंचाच्या?”

“त्याच्याबी सत्तावीसच.”

“मंग त्याच्या हाताले काम काहून लागत नाही वं?”

बाया हसल्या ते पार पलीकडच्या रानात ऐकू गेलं. मग एकीनं गुडघा दाखवला, एकीनं मान. प्रियंका कोणाला हात न लावता सगळ्यांना सांगत होती, असं बसा, तसं वाका, ओटी एका बाजूला ओढू देऊ नका. मथुराबाई ऐकत होती, वेचत होती. लेक बोलताना कॉलेजातल्या मॅडमसारखं अधूनमधून भुवया उचलत होती. हे ती कधी शिकली?

रोज सायंकाळी, ऊन उतरायच्या आधी, मथुराबाई लेकीला दारात उभी करायची आणि बोटं उजेडात तिरपी धरून बघायची. काळे पापुद्रे लसणाच्या सालीसारखे सुटत होते. खालची कातडी गुलाबी, गुळगुळीत. रेघा दिसतात का, नाही दिसत का, तिला काही समजायचं नाही. अंगठा सगळ्यांत मागं होता. अंगठ्यावर बिब्ब्याचं तेल जास्त सांडलं होतं.

“माय,” एका सायंकाळी प्रियंका म्हणाली, “रोज काय पाह्यतं तू?”

“रेघा.”

“नाही. तू बिब्बा पाह्यतं.”

मथुराबाईनं हात सोडला.

“दुखणं तं थांबलं होतं ना तुह्या बिब्ब्यानं,” प्रियंका म्हणाली. “दुसऱ्याच दिवशी वेचाले गेलती का नाही म्या? तुले काय मालूम मशीन येणार होतं मधात.”

त्या सायंकाळी मथुराबाईनं लेकीच्या केसांत तेल जिरवलं ते असं, की प्रियंका बसल्या बसल्याच पेंगायला लागली.

सहाव्या दिवशी दुपारी वारा पडला. उमरीच्या टेकडीकडून ढग आले, काळे नाहीत, मळक्या घोंगडीच्या रंगाचे. नोव्हेंबरातल्या ढगांचा भरवसा नसतो. बाबारावनं वर पाहिलं आणि एकच शब्द बोलले, “वेचा.”

धुऱ्यावर चार गाठोडी बांधून पडली होती, रानात दोन एकर कापूस उघडा फुटलेला. भिजला की पिवळा पडतो, मग व्यापारी त्याला बोटही लावत नाही. बाया वाकल्या त्या उठल्याच नाहीत. ओट्या भरत होत्या, रिकाम्या होत होत्या. प्रियंका निंबाखालून उठली, दोन पावलं आली.

“मांगं!” मथुराबाई न वळता ओरडली. “हात मांगं!”

शाळेतल्या पोरीसारखे दोन्ही हात पाठीमागं बांधून प्रियंका तिथंच उभी राहिली. पहिला थेंब तिच्या नाकावर पडला. गाठोडी धुऱ्यावर, आणि पत्र्याचं खोपडं रानाच्या पार दुसऱ्या टोकाला. बाबाराव एक गाठोडं घेऊन निघाले होते.

“धनीमावशी,” प्रियंका म्हणाली, “माह्या डोक्यावर दे. डोकं काही मशीनले लागत नाही.”

धनीबाईनं मथुराबाईकडे पाहिलं. मथुराबाईनं आभाळाकडे पाहिलं. मग दोघींनी मिळून गाठोडं उचललं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं.

“हात लावू नको. मान ताठ. नजर समोर, पायाकडं पाहू नको,” धनीबाई म्हणाली. “आमच्या बाया पाण्याच्या तीन घागरी नेतात अशा.”

प्रियंका निघाली. हात छातीवर दुमडलेले, जसं काही थंडी वाजते आहे. पहिलं गाठोडं पोचलं. दुसरं पोचलं. तिसऱ्याच्या वेळी सर सुरू झाली होती, काळी माती पायाखाली साबणासारखी झाली होती. खोपडं दहा पावलांवर असताना तिचा पाय सटकला.

मथुराबाईनं ते लांबून पाहिलं. पडताना माणूस हात पुढं टाकतो. विचार करून नाही, शरीरच टाकतं. प्रियंकानं हात टाकले नाहीत. दोन्ही तळवे आभाळाकडे करून ती कोपरांवर आणि गुडघ्यांवर आपटली. गाठोडं उडून बाबारावच्या पायाशी खोपड्यात जाऊन पडलं, कोरडंच.

मथुराबाई धावत आली तेव्हा पोरगी तशीच चिखलात बसली होती, ताट धरल्यासारखे हात वर, त्यांच्यावर पावसाचं पाणी पडत होतं. कोपरं सोलून रक्त आलं होतं.

“हात सलामत आहेत,” प्रियंका म्हणाली.

मथुराबाईला रडू आलं आणि हसू आलं, दोन्ही एकदमच. तिनं पदरानं लेकीचे तळवे पुसले, मग तोंड पुसलं, मग कोपरं. धनीबाई खोपड्यातून ओरडली, “मथुरा, आता कोपराले बिब्बा लावशीन का?”

“तू गप वं!” मथुराबाई म्हणाली. बाबाराव पाठ करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. पाऊस अर्ध्या तासात गेला. उघड्या रानातला थोडा कापूस भिजला, बराचसा वाचला.

सव्वीस तारखेला आसिमनं शब्द पाळला. पहिला नंबर. डाव्या हाताची चार बोटं काचेवर गेली आणि मथुराबाईनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हिरवा. उजवी चार, तीही हिरवी. डावा अंगठा, हिरवा. उजवा अंगठा, लाल.

“पुन्हा.”

लाल.

“थंड आहे अंगठा, कोरडा पडला,” आसिम म्हणाला. “जरा गरम करा, मावशी.”

मथुराबाईनं लेकीचा अंगठा आपल्या हातात घेतला आणि थबकली. चोळायचं कसं? तिचे स्वतःचे तळवे म्हणजे किसणी. पुन्हा आपणच खरवडणार का? रांगेतले लोक बघत होते. मग तिनं पदर मागं सारला आणि लेकीचा अंगठा आपल्या गळ्याशी, कानाच्या खालच्या मऊ जागेत, दाबून धरला. तिथं तिची नाडी उडत होती.

“फास्ट चालू आहे तुही,” प्रियंका पुटपुटली. “शंभरच्या वर आहे.”

“मोजू नको. गप उभी राह्य.”

आसिम आपल्या खुर्चीत थांबून राहिला, त्यानं घाई केली नाही. मग प्रियंकानं अंगठा काढला आणि काचेवर ठेवला. लोण्यावर ठेवल्यासारखा.

हिरवा.

“झालं!” आसिमनं टेबलावर थाप मारली. “आता फोटो. पदर बाजूला घ्या मावशी, तुमचा फोटो नाही काढत. नंबर कोणता जोडू?”

प्रियंका आपला नंबर सांगणार तोच मथुराबाई म्हणाली, “माहा जोड. पोरीइचे नंबर बदलत राह्यतात. माहा काही बदलत नाही.”

नंबर चालू व्हायला दोन-तीन दिवस लागतील, आसिम म्हणाला. सत्तावीस गेली. अठ्ठावीस गेली. दर तासाला प्रियंका आपल्या मोबाइलवर बघायची, आणि मोबाइल म्हणायचा, थांबा. हाताला सुट्टीची गरज उरली नव्हती, तरी बाबाराव खराटा खाटेखालून काढायला तयार नव्हते. “फॉर्म भरल्याबिगर नाही,” म्हणाले.

एकोणतीसला सगळे रानात होते. रानात रेंज यायची ती एकट्या निंबाखाली. साडेअकराला प्रियंका किंचाळली.

“माय! आकडे पाठवले! तुह्या फोनवर! दहा मिनिटात टाका लागतात!”

मथुराबाईनं कमरेला हात लावला. बटणाचा फोन सकाळी ओटीत टाकला होता. आणि ओटीत आता पाचेक किलो कापूस होता.

“ओटीत आहे वं!”

“काढ ना मंग!”

तिनं हात घातला. कापूस, कापूस, कापूस. धनीबाई आली, तिनंही हात घातला. दोघींच्या मुठींत नुसता कापूस.

“ओत!” बाबाराव ओरडले. “ओत खाली!”

“काडी-कचरा लागन!”

“लागू दे!”

मथुराबाईनं ओटीची गाठ सोडली. सगळा पांढरा ढीग निंबाच्या सावलीत पसरला आणि चौघी बाया आणि एक बाप्या गुडघ्यावर बसून त्यात उकरायला लागले. फोन सापडला तांड्यावरच्या एकीला, वर तंतू चिकटलेला. मथुराबाई सातवीपर्यंत शिकली होती. तिनं फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक आकडा असा वाचला, की जणू पंचवीस जणांच्या वर्गाला पाढा सांगते आहे. तिच्यामागून धनीबाई आणि बाबाराव तोच आकडा पुन्हा म्हणत होते. सहावा आकडा म्हणून होईतो प्रियंकानं तो टाकलाही होता.

प्रियंकानं कागद एकामागून एक चढवले. रेंज गेली, आली. बाबाराव निंबाच्या खोडाला हात लावून उभे राहिले, जसं काही रेंज तिथून येते. मग ती वाचायला लागली, हळू, एकेक शब्द.

“आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे.”

“पुन्हा वाच,” बाबाराव म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं.

“अजून एक डाव,” धनीबाई म्हणाली. “मले नाही समजलं, पन वाच.”

दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, पहाटेच्या बसनं मायलेकी यवतमाळला गेल्या. दिग्रसात फॉर्मची प्रिंट काढून घेतली. मथुराबाईनं कॉलेज याआधी पाहिलं नव्हतं. ॲडमिशनला बाबाराव आले होते. तीन मजल्यांची पिवळी इमारत, दारात वॉचमनची खोली, आत फरशी इतकी स्वच्छ की तिनं चपला बाहेर काढल्या. प्रियंकानं त्या उचलून तिच्या पायापुढं ठेवल्या. “घाल माय. इथं कोणी काढत नाही.”

खिडकीतला बाबू म्हातारा होता. त्यानं प्रिंट घेतली, रजिस्टरमधलं नाव शोधलं, कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं.

“आज शेवटची तारीख आहे, माहीत आहे ना?”

“हाव, सर.”

“मग इतका उशीर?”

प्रियंकानं मायकडे पाहिलं. मथुराबाई म्हणाली, “कापसाचा हंगाम होता, साहेब.”

बाबूनं मान हलवली, जणू याहून सरळ कारण त्यानं ऐकलं नव्हतं. रजिस्टरमध्ये प्रियंकाच्या नावापुढच्या रकान्यात त्यानं एक शिक्का उठवला. “झालं. फी भरायची नाही. वर्गावर जा.”

“एवढंच?” मथुराबाईनं विचारलं.

“एवढंच. पुढच्या वर्षी नवीन करायचा, पण आता सोपं जाईल.”

प्रियंकानं होस्टेलवर जाऊन पांढरा गणवेश चढवला. जाताना मायच्या गळ्यात पडली, आणि पडली तशीच पळाली, कारण तास सुरू व्हायला पाचच मिनिटं होती. मथुराबाई फाटकापाशी आली. बस दुपारची होती. ती उगाच वळून इमारतीकडे बघत उभी राहिली.

दुसऱ्या मजल्याच्या सज्जात पोरी जमल्या होत्या. वीसेक असतील, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांचे केस सारखे बांधलेले. तेवढ्यात एक हात वर झाला.

“ते माही पोरगी,” ती वॉचमनला म्हणाली.

वॉचमननं डोळे बारीक केले. “कोणती?”

“ते काय, हात हालवून राह्यली.”

त्या पोरीच्या बाजूच्या दोघींनीही हात वर केला. मग त्यांच्या बाजूच्यांनी. कोणाची तरी माय खाली उभी आहे, एवढं कळल्यावर सगळा सज्जाच हात हलवायला लागला.

“सगळ्याच हालवून राह्यल्या, बाई,” वॉचमन म्हणाला.

मथुराबाईनं पुन्हा निरखून पाहिलं. खरंच, आता तिलाही सांगता येईना. तिनं पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि त्या सगळ्यांना मिळून हलवले.